आटलेल्या धरणावरची सावली

नांदेडहून कोल्हापूर विमानानं जेमतेम तासाभराचं. आमच्या साखर कारखान्याचे संचालक सुंदरराव खिडकीशी बसले होते. खाली दुष्काळानं आटलेलं माजलगावचं धरण, त्यात उघडं पडलेलं त्यांचं जुनं गाव. गावावर आमच्या विमानाची सावली पडली होती.

चहा आला, कप परत गेले. सावली तिथंच.

"अजून किती?" मी पुन्हा विचारलं.

"वीस मिनिटं," हवाई सुंदरी मघासारखंच हसून म्हणाली.

खाली एकही झाड नव्हतं. पडक्या भिंतींमागून माणसं निघाली आणि आमच्या सावलीत येऊन बसली. एवढ्या उंचीवरून चेहरे दिसायला नको होते.

"ती आमची तुळजाआत्या हाय," सुंदरराव पुटपुटले. "धरण व्हायच्या आदीच गेलती."

मी पट्टा सोडू लागलो. सुटेना.

आत्यानं घोंगडी अंथरली. वर बघत तिनं शेजारणीला सरकायला लावलं, दोघांपुरतं.