नवी संथा

मुकुंदराव मास्तरांनी श्लोकाचा पहिला चरण म्हटला, आणि उरलेले तिन्ही अलकानं एका दमात म्हणून टाकले. श्लोक नवा होता. त्यांनी तो नातीला अजून सांगितलाच नव्हता.

"हा तुला कोणी सांगितला?"

अलकानं दाराकडे पाहिलं. दारात तिची आई, नलिनी, उभी होती. तिनं हलकेच मान हलवली, नाही म्हणून. मास्तरांची नजर अधू झाली होती, पण सौंसरच्या शाळेत तीस वर्षं परीक्षेत नकला करणारी पोरं पकडलेला माणूस तो. मान हललेली त्यांना बरोबर दिसली.

"पाठ होता, आबाजी," पोरगी पुटपुटली.

पाठ होता म्हणे. मास्तरांनी त्या सकाळी ताकाला हात लावला नाही.

मागच्या साली राज्यं नव्यानं मांडली गेली. नागपूर मुंबईकडे गेलं, त्यांचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं आणि यंदा शाळेत मराठीच्या जागी हिंदी आली. मास्तरांनी तडकाफडकी नातीचं नाव काढून आणलं. मी घरी शिकवतो म्हणाले, माझ्या वडिलांनी मला शिकवलं तसं. आधी कान, मग तोंड, मग अर्थ, आणि सगळ्यात शेवटी हात. रोज सकाळी ओट्यावर एक नवी संथा. ते सांगत, अलका मागून दहादा म्हणे, मग श्लोक वहीत उतरवून समासात कुंकवाचा एक ठिपका लावी. ठिपका लागला की संथा पुरी झाली. ती वही मास्तरांनी कधी हातात घेतली नाही. त्यांना वहीची काय गरज, वडिलांचे चाळीसच्या चाळीस श्लोक जिभेवर होते.

मुलगा वसंत स्टेशनात बुकिंगवर होता. त्यानं साफ सांगितलं होतं, "पोळ्यापर्यंत पाहू, बाबा. पोरीची गाडी पुढं सरकली नाही तर ती शाळेत जाईल." मास्तरांना हे कबूल करावं लागलं. अलका त्यांची शेवटची विद्यार्थिनी होती. ती गेली तर सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं आणि त्याची त्यांना धास्ती होती.

आणि आता ही पोरगी न शिकवलेला श्लोक म्हणून राहिली होती. म्हणजे घरात दुसरं कोणीतरी शिकवत होतं. हिशेब सरळ होता. संध्याकाळी वसंत आणि नलिनी चुलीपाशी दबक्या आवाजात बोलत, आणि मास्तरांची काठी वाजली की दोघंही चूप. शाळेतला नवा मास्तर चोरून लावला असेल. पोळ्याच्या दिवशी म्हणतील, पाहा, तुमच्यावाचून काही अडत नाही.

"पोळा कधी आहे, सूनबाई?" त्यांनी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येईल की, मामाजी," नलिनी म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संथा सांगितली आणि अलका अडखळली. पुन्हा अडखळली. मास्तर तिला न्याहाळत होते. पोरं खरंच विसरतात तेव्हा छताकडे पाहतात. ही त्यांच्याच तोंडाकडे पाहत होती.

"सोंग करून राहिली तू," ते म्हणाले. "वही आण."

अलकानं वही छातीशी धरली. आतून नलिनी कणकेच्या हातांनी धावत आली. "राहू द्या ना, मामाजी. पोरीचं अक्षर गिचमिड आहे."

झालं. आता तर खात्रीच पटली. मास्तरांनी वही ओढून घेतली, उन्हात धरली आणि परकं अक्षर शोधत पानं उलटायला लागले.

एका पानावर एक श्लोक, एक ठिपका. पंधराव्या श्लोकापर्यंत असंच. सोळाव्याचं पान लाल होतं. समास भरला होता, वरची जागा भरली होती, खालीही ठिपकेच ठिपके. त्यांनी बोटानं मोजले. सत्तावीस. एका ठिपक्याशेजारी अलकाच्या अक्षरात लिहिलं होतं, "आज पोळा. पुरणपोळी." त्याच्या खालच्या ठिपक्याशेजारी, "आज गोटमारीची दगडफेक. नदीवर जाऊ दिलं नाही."

"पोळा झाला?"

"झाला, मामाजी." नलिनी म्हणाली. "हे म्हणाले, शाळेचं नाव काढू नका. अलकाही म्हणाली, मी रोज तोच श्लोक म्हणीन."

मास्तरांनी ठिपके पुन्हा एकदा मोजले. आधी त्यांना भीती वाटली, मग लाज. घरातल्या एकेकाकडे त्यांनी चोर म्हणून पाहिलं होतं, आणि ही माणसं एवढे दिवस त्यांचंच विसरणं झाकत होती. पोरगी मात्र सत्तावीस दिवस एकाच जागी बसून राहिली होती.

त्यांनी टाक मागितला. पुढच्या कोऱ्या पानावर ठळक वळणदार अक्षरात लिहिलं: "सोळावा झाला. आता सतरावा. अकराला पोरीला शाळेत पाठवावं. तिच्यावर रागावू नये."

दुसऱ्या सकाळी ओट्यावर ऊन आलं. मास्तर खाकरले, ताठ बसले आणि त्यांनी सोळाव्या श्लोकाचा पहिला चरण म्हटला.

अलकानं वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. मास्तरांनी ती उन्हात धरून वाचली. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"अकराला शाळा? हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच, आबाजी," अलका म्हणाली, आणि या वेळी तिनं दाराकडे पाहिलं नाही.