गठबंधनाचं हळदीकुंकू

वासुदेवरावांनी जेवता जेवता फर्मान काढलं, "उद्याच्या हळदीकुंकवाला समोरच्या कालिंदीवहिनींनाही बोलाव. गठबंधन झालंय. विधानसभेला इथं त्यांची मंडळी आपल्याला मत देणार, पलीकडच्या सीटवर आपण त्यांना."

इंदूनं नवऱ्याच्या ताटात भात वाढला. हिंदी मुलखातल्या या दूधविनायकाच्या गल्लीत आल्यापासूनचं हे तिसरं गठबंधन. समोरासमोर घरं, पण दोघींचे नवरे दोन पक्षांत. पक्षांचं जुळलं की बोलावणं धाडायचं, फिसकटलं की त्या घराकडे बघायचंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी कालिंदी आली, तसे कार्यकर्त्यांनी मोबाइल सरसावले. "जरा मुस्कुराइए, भाभीजी!" दोघी नव्यानंच ओळख झाल्यासारख्या हसल्या. इंदू कुंकू लावायला वाकली तेव्हा कालिंदी तिच्या कानाशी पुटपुटली, "आता उघड येणं-जाणं सुरू झालं. मग दर शुक्रवारसारखं संकठादेवीच्या देवळामागे चोरून भेटायचं की नाही गं?"

इंदूनं तिच्या ओटीत तिळगूळ घातला.

"भेटायचं. निकाल लागला की हे पुन्हा भांडतील. आपली सवय मोडायला नको."