रोनन फेस्टी कोलमन

कोलमनने जाळ्याचं सहावं भोक सांधायला घेतलं, तेव्हा त्याची सून ऊना म्हणाली, "बाबा, मी नाव ठरवलंय. रोनन."

म्हाताऱ्याचा हात थांबला. उद्या रविवार. उद्या चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडायचं होतं, आणि नाव कुठलं हा प्रश्नच नाही असं तो आजवर धरून चालला होता. त्याचा मुलगा फेस्टी नोव्हेंबरात समुद्रावर गेला. होडी किनाऱ्याला लागली, तो काही लागला नाही. पोर जन्मलं एप्रिलात. बापामागे जन्मलेल्या मुलाला बापाचंच नाव, हे आयर्लंडमधल्या कोनेमाराच्या या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही.

"रोनन म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"छोटा सील."

"मग हे बघ." त्याने जाळं तिच्यापुढे धरलं. माणसाचं डोकं आत जाईल एवढं भोक होतं. "हे तुझ्या छोट्या सीलच्या बापानं केलंय. काल जाळ्यातले तीन सॅमन मासे खाल्ले मेल्यानं. तेही नुसती पोटं. त्याचं नाव नातवाला ठेवू? गाव शेण घालील माझ्या तोंडात."

"पाद्रीबुवा म्हणाले, या नावाचे डझनभर संत होऊन गेलेत."

"संतांना जाळी सांधावी लागत नव्हती."

ऊना हसली नाही. बाळ खांद्यावर झोपलं होतं. तिचा स्वतःचा डोळा महिन्याभरात नीट लागला नव्हता. समोरच्या चहावर साय धरली होती.

"बाबा, नाताळपर्यंत रोज मी त्या खडकांवर उभी राहून फेस्टी, फेस्टी करत ओरडले. तुम्हीच मला ओढून घरी आणायचात. आता तेच नाव घेऊन दारातून पोराला हाका मारू? पोर येईल हो. पण दर हाकेला मी आधी समुद्राकडे बघेन. नाही जमायचं मला. दमले मी."

कोलमनही दमला होता. पण हे बोलायची त्याच्या घरात रीत नव्हती.

"म्हणजे माझ्या लेकाचं नावही बुडालं म्हणायचं," तो म्हणाला.

"कसं बुडेल? गाव पोराला काय म्हणणार? रोनन फेस्टी कोलमन. आधी तो, मग त्याचा बाप, मग तुम्ही. या गावात एकट्या नावाचा माणूस दाखवा मला. हाकेपुरता रोनन माझा. मागचे दोघे गाव सांभाळेल."

म्हाताऱ्याने दोऱ्याची गाठ आवळली.

"पण सीलच कशाला? नावांचा काय दुष्काळ पडलाय?"

"तुमच्याच आई सांगायच्या ना, ज्याचं प्रेत सापडत नाही, तो सीलांत राहतो म्हणून."

"म्हातारी काय वाट्टेल ते बोलायची."

"बोलू देत. मला सध्या तेवढ्यावरच दिवस काढायचे आहेत."

कोलमनला आपलंच मघाचं बोलणं आठवलं, तुझ्या छोट्या सीलचा बाप. त्याने जाळं गोळा केलं. उरलेली भोकं तशीच राहिली.

रविवारी पाद्रीबुवांनी नाव विचारलं. ऊनाच्या आधी तोच बोलला, "रोनन." मागच्या बाकांवर कुजबुज झाली. त्याने वळून पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी तो एकटाच होडी घेऊन गेला. जाळं ओढत होता तेवढ्यात दोन हातांवर काळं, ओलं डोकं वर आलं. तोंडात आख्खा सॅमन. कोलमनने सवयीने वल्हं उगारलं. सील हलला नाही, नुसता बघत राहिला. म्हाताऱ्याने वल्हं हळूच खाली ठेवलं.

"अर्धा तरी ठेव रे," तो म्हणाला. "घरी पोर आहे."