पेनाला दोरी

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीनं यंदा नाटक बसवलं, चार पिढ्या बँक चालवणाऱ्या एका घराण्याचं. शेवटचा वारस झाला होता क्लिफर्ड. अभिनय झकास, पण हाताची सवय वाईट. तालीम संपली की टेबलावरचं पेन त्याच्या खिशात. नाटकाचं सामान वसुधाताईंकडे होतं, आणि त्यांचा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेलेला. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता पेन दोरीनं टेबलाला बांधून टाकलं.

शेवटचा प्रवेश आला. आजोबा पलंगावर शेवटच्या घटका मोजतायत, बँक विकण्याचा कागद त्यांच्या मुठीत. नातवानं त्यावर सही केली की आजोबांनी प्राण सोडायचा. क्लिफर्ड पेन उचलून पलंगाकडे निघाला आणि मध्येच अडकला. त्यानं हिसका दिला. दोरी तुटेना.

"आजोबा," तो गहिवरून म्हणाला, "आपल्या घराण्याची बँक मी विकणार नाही."

आजोबा ताडकन उठून बसले. "मग मी मरू की नको रे?"

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. असा प्रामाणिक वारस आजकाल बघायला मिळतो कुठे, म्हणत पुढच्या रांगेतल्या एक काकू डोळे पुसत होत्या.

पडदा पडल्यावर वसुधाताई टेबल आवरायला गेल्या. पेन नव्हतं.



बाहेर क्लिफर्ड पोरांना सह्या देत होता, आणि त्याच्या पेनाला वीतभर दोरी लोंबत होती.