सातवी पायरी

साहेब, माझी कंपनी बुडाली ही आवई तुम्हीच उठवलीत.

दोन वर्षांपूर्वी जिना चढणारी खुर्ची घेऊन मी भांडवल मागायला तुमच्या निवड समितीपुढे आले, तेव्हा खुर्चीत माझी आई बसली होती. आदल्याच दिवशी ती खुर्ची आमच्या इमारतीचे तीन मजले चढली होती आणि मी, आई नि आमचा वेल्डर येड्यासारखे नाचलो होतो. तुमच्यासमोर मात्र ती सातव्या पायरीवर अडली. तुम्ही म्हणालात, "बाई, आधी आईला उतरवा, मग कंपनीला कुलूप लावा." सगळी समिती खिदळली. मी रडकुंडीला आले. आईनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि म्हणाली, "मी नाही उतरत. तू पाना आण."

आज तुम्ही मला 'अपयशातून काय शिकावं' यावर बोलायला बोलावलंत. कंपनी आहे की गेली, एवढंही विचारलं नाहीत. तुमचे गुडघे गेलेत, म्हणून सभागृहवाल्यांनी तुम्हाला खुर्चीत बसवून व्यासपीठावर आणलं. तिच्यातच रेलून तुम्ही माझी ओळख करून दिलीत, "यांचं यंत्र सातव्या पायरीच्या वर कधी गेलंच नाही."

या व्यासपीठाला अकरा पायऱ्या आहेत.


तुमच्या उजव्या कोपराखाली, खुर्चीच्या हातावर, ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव कोरलंय, साहेब. ते माईकवर वाचा आणि सांगा, तुम्हाला इथवर कोणी आणलं?