तीच सतरंजी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने, नयनने, मला गिरडला माहेरी आणून सोडलं. अंगणात सतरंजी अंथरली होती, दोन्हीकडची मोठी माणसं तिच्यावर बसली होती. शेजारच्या घरांतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, "हिच्यातच खोट हाये. मले नाई नांदवाची." सासूबाई कोरडेच डोळे पदराने पुसत होत्या. माझ्या बाबांनी मान खाली घातली. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण त्याची अब्रू जाऊ नये म्हणून मी तोंड उघडलं नाही.

काल तो एकटाच आला. चहा तसाच ठेवून माझ्या कानाशी कुजबुजला, "मंजू, सावंगीच्या डॉक्टरले दाखवलं. मले शीघ्रपतन हाये म्हनते. लय जनायले असते, बरं होते. पन बायकोले सोबत आना म्हनते, दोघायनं मिळून इलाज करा लागते. चाल न घरी. फक्त इथं कोनाले सांगू नको."

"येते न," मी म्हणाले.

त्याचा चेहरा खुलला. त्याने चहाचा कप उचलला.

 

मी अंगणात तीच सतरंजी अंथरली आणि हाक मारली, "बाबा, त्या दिवशीच्या सगळ्यायले बलवा. डॉक्टर काय म्हनले ते जावई सांगनार हायेत, त्या दिवशीइतक्याच मोठ्यानं."