खुलासा येईपर्यंत
“मंजुळे, हाई वावर बठ्ठं आपलं शे,” नव्या नवरीला बांधावर उभं करून, सगळ्या शेतावरून हात फिरवत सासूबाई म्हणाल्या होत्या. मंजुळाबाईंच्या कानात तो आवाज अजून ओला होता. बाजरी डुलायची तिथून आता धुळ्याचा चौपदरी रस्ता गेला होता, आणि मोबदल्याचा कागद तालुक्याच्या कचेरीत एका सहीसाठी अडकला होता.

कचेरीत टेबलं तीन, माणूस एकच, भागवतभाऊ. पहिल्या टेबलावर ते अर्ज घेत, उठून दुसऱ्यावर त्यात चूक काढत आणि तिसऱ्यावर बसून स्वतःकडेच खुलासा मागत.

“खुलासा आला नाही, अक्का. सोमवारी या.”

“तठे बी तूच बठस ना रे भाऊ? मंग कोनी वाट देखी ऱ्हायना?” मंजुळाबाईंनी तिसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं; भाऊ कुणाची वाट बघतोय, हेच त्यांना कळेना.

असे अकरा सोमवार गेले. बाराव्याला मंजुळाबाई तिसऱ्या खुर्चीवर स्वतःच जाऊन बसल्या आणि त्यांनी पेन भाऊंच्या हातात कोंबला. “कर सही. तोवर मी उठाव नही.”

भाऊंनी पेन हलकेच खाली ठेवला.

“अक्का, मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली. माझ्या जागी कुणी आलंच नाही, म्हणून बसतो. माझी सही आता कुठंच चालत नाही.”